मासळीचं खत नदी आणत नाही

म्हापशाच्या बाजारात बांगड्याचा वाटा लावताना अजूनही ऐकू येतं, "मांडवी-जुवारीच्या गढुळाचं खत दर्यात गेलं, म्हणून मासळी वाढली." नदी थोडं देते, पण मोठा वाटा तिचा नाही.

पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, वाऱ्याचा जोरही काहीसा तिकडेच. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे खोल दर्याकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, नायट्रेटने, म्हणजे वनस्पतींच्या खताने, भरलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि त्यांच्यावर तारले-बांगडे.

उलट नदीचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं. ते काही मीटर जाडीच्या झाकणासारखं वर तरंगतं आणि थंड पाण्याला अडवतं. कांदोळीसमोर सप्टेंबरात बाटली तळाशी सोडली तर वर येणारं पाणी हाताला गार लागतं, आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणजे खत आहे, पण तळाच्या मासळीला श्वास नाही! दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. नदीतून वाहून गेलेली शेतातली खतं मासळी वाढवतील, हा दिलासा म्हणूनच मला घातक वाटतो: त्या खतांवर जास्त वाढलेल्या सूक्ष्म वनस्पती तळाशी कुजताना प्राणवायू खातात, आणि हा गुदमर वाढू शकतो.