अणू तेच, निष्कर्ष निराळे

एखादी वस्तू फोडत गेलं तर शेवटी हाती काय उरतं? प्रश्न प्रयोगशाळेतला वाटतो, पण प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हापासून देव आणि मरण यांचे हिशेब त्याच्या उत्तरावर मांडले जात आहेत.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसने (इ.स.पू. 341–270) त्याच्याआधीच्या डेमोक्रिटसचा अणुवाद, म्हणजे सगळं अणूंचंच बनलेलं आहे हा विचार, उचलला तो भीती घालवायला. आत्माही अणूंचाच, मेल्यावर ते विखुरले की यातना भोगायला उरतं कोण? देव त्याने नाकारले नाहीत, जगाच्या कारभारातून मोकळे केले. अशअरी पंथाच्या मुस्लिम धर्मचिंतकांनीही अणूच मानले आणि थेट दुसरं टोक गाठलं: अणूंचे गुण दोन क्षणही टिकत नाहीत, ईश्वर ते दर क्षणी नव्याने घडवतो. कापूस आगीने जळत नाही, ईश्वर जाळतो, असं याच पंथातल्या गझालीचं म्हणणं. वैशेषिक या भारतीय दर्शनातले परमाणू मात्र नित्य. त्यांना पहिली गती देतं जीवांच्या पाप-पुण्यातून आलेलं ‘अदृष्ट’. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी त्यात महेश्वराची इच्छाही आणली.

म्हणजे अणू मानले की नास्तिक झालात, असं काही नाही. पदार्थाची कल्पना श्रद्धा ठरवत नसावी. श्रद्धेची अडचण कुठे होणार, ते मात्र नक्की ठरवते.

कॅथलिक प्रार्थनाविधीतली भाकरी घ्या. 1215च्या लॅटरन धर्मपरिषदेने सांगितलं की तिचं ख्रिस्ताच्या देहात रूपांतर होतं. मग चव, वास, रंग भाकरीचेच कसे? ॲरिस्टॉटलची चौकट इथे चपखल बसली: मूळ द्रव्य बदलतं, गुण तसेच राहतात. पण 1623मध्ये गॅलिलिओने लिहिलं की चव आणि वास वस्तूत नसतातच, सूक्ष्म कण जिभेला-नाकाला भिडले की आपल्याला ते जाणवतात. आता चव तीच, तर कणही तेच. मग बदललं काय? त्याच्याविरुद्ध रोममध्ये आलेल्या एका निनावी तक्रारीत नेमका हाच आक्षेप होता. तक्रारदाराला भौतिकशास्त्र बरंच कळत होतं, म्हणायचं!

चित्रकार कांडिन्स्कीचं उलटं: अणूने त्याची अडचण केली नाही, वाट मोकळी केली. अणू अभेद्य नाही हे कळल्यावर सगळं जगच ढासळल्यासारखं वाटलं, डोळ्यांदेखत दगड हवेत विरला असता तरी नवल वाटलं नसतं, असं त्याने 1913मध्ये लिहिलं. अमूर्त चित्रांकडे तो याच सुमारास वळला. एवढ्या एका बातमीमुळे नव्हे, अध्यात्माची ओढही होतीच. अणू बराचसा रिकामा निघाला तरी इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत दाटीवाटी करत नाहीत, म्हणून दगड टणकच राहतो. हे कारण सापडलं 1925नंतर, आणि तोवर कांडिन्स्कीच्या चित्रांतून वस्तू केव्हाच हद्दपार झाल्या होत्या.