एचआयव्ही तपासणी: रक्त देण्यापूर्वी कृपया वाचावे

एचआयव्हीची तपासणी सुचवली की ‘आमच्यावर संशय आहे का?’ असा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत अनेकदा विचारला जातो. संशयाचा येथे काहीही संबंध नाही. लागण झालेली व्यक्ती कित्येक वर्षे ठणठणीत असू शकते आणि तिला स्वतःलाच काही ठाऊक नसल्यामुळे या काळात तिच्याकडून जोडीदाराला किंवा पोटातल्या बाळाला संसर्ग होऊ शकतो. म्हणून साखर किंवा थायरॉइड पाहतो तितक्याच सहजतेने ही तपासणी व्हावी, असे आमचे ठाम मत आहे.

शासकीय एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रांतून २००४ पासून औषधे मोफत मिळतात आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला ती सुरू केली जातात. गोळ्या न चुकता घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले व तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचाराविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार मिळाल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली येते. गरोदर पत्नीचे रक्त घेतले जात असताना पती बहुधा बाहेरच्या बाकावर बसून असतात. त्यांनीही त्याच वेळी तपासणी करून घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे, कारण पत्नीला गरोदरपणात नव्याने लागण झाली तर बाळाला असलेला धोका अधिक वाढतो.

‘नॉन-रिॲक्टिव्ह’ (संसर्ग न आढळल्याचा) रिपोर्ट वाचताना तारीख अवश्य पाहावी. शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या अँटिजेन-अँटिबॉडी (विषाणूचे अंश व त्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या) चाचणीत लागण झाल्यापासून संसर्ग दिसण्यास साधारण १८ ते ४५ दिवस लागतात, तर बोट टोचून केलेल्या रॅपिड चाचणीत ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. याउलट, एका चाचणीत ‘रिॲक्टिव्ह’ आले म्हणजे निदान झाले असे नव्हे; ते वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतरच निश्चित होते. संसर्गाची शंका येऊन ७२ तास उलटले नसतील, तर आमच्याकडे येण्याआधी तातडीने शासकीय रुग्णालय गाठावे. प्रतिबंधक औषधे तेवढ्याच अवधीत सुरू करता येतात.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीसाठी आपली संमती आवश्यक आहे. रिपोर्ट आम्ही बंद पाकिटात, ज्याचा त्यालाच देतो. पती वा सासूबाई मागायला आल्या तरी देत नाही. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत हीच तपासणी मोफत होते आणि १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते. तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही.