केळीच्या पानातले वीस तुकडे: विषाणूची जीनचाचणी कितपत खरी?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीवरच्या हरण्या रोगाने, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसने, झाडं उपटायची वेळ आली की पहिला संशय टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या रोपांवर जातो. मग ‘जीन टेस्ट केलेली, शंभर टक्के व्हायरसमुक्त रोपं’ ही जाहिरात भुरळ घालते. पण कोणतीही चाचणी शंभर टक्क्यांची हमी देत नाही. ती किती कमी विषाणू पकडू शकते आणि किती वेळा फसते, हे आधी मोजावं लागतं.

आपल्याकडे टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ पासून आहे. एलायझा आणि पीसीआर या तिथल्या नेहमीच्या चाचण्या ठरलेले विषाणूच शोधतात. सिक्वेन्सिंगचं, म्हणजे जनुकीय अक्षरं थेट वाचणाऱ्या जीनचाचणीचं, तसं नाही. पानातला सगळा आरएनए काढायचा, त्यातला ८० टक्क्यांहून जास्त असलेला, पेशीच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा आरएनए वगळायचा, उरलेल्याचा डीएनए करून कोट्यवधी तुकडे वाचायचे आणि संगणकाने ओळख पटवायची. अनोळखी विषाणूही सापडू शकतो, हे त्याचं मोठं बळ.

पहिली परीक्षा संवेदनशीलतेची. रोगी पानाचा रस दहापट, शंभरपट, हजारपट, दहा हजारपट पातळ करत न्यायचा आणि प्रत्येक पायरी तीनदा तपासायची. जिथवर तिन्ही वेळा विषाणू सापडतो, ती चाचणीची सीमा. इथे एक चूक हमखास होते: रस पाण्याने पातळ केला जातो. सिक्वेन्सर तुकड्यांचं प्रमाण मोजतो. पाणी घातलं की विषाणू आणि केळी दोन्ही सारखेच विरळ होतात, प्रमाण बदलत नाही आणि चाचणी आहे त्याहून चांगली भासते. म्हणून निरोगी केळीच्याच रसात मिसळायला हवं. पंचवीस रोपांची पानं एकत्र वाटून तपासायची तर हीच सीमा कामी येते, कारण त्यातलं एकच रोप रोगी असेल तर विषाणू तिथेच पंचवीसपट विरळ झालेला असतो.

दुसरी परीक्षा खोट्या सापडण्याची, आणि खरी गंमत इथेच आहे. एका फेरीत अनेक नमुने एकत्र वाचतात. प्रत्येकाच्या तुकड्यांना वेगळी खूणपट्टी जोडलेली असते, पण काही तुकड्यांच्या पट्ट्या अदलाबदल होतात. शेजारच्या नमुन्यात विषाणूचे दहा लाख तुकडे असतील आणि हजारात एक जरी भरकटला, तरी निरोगी रोपाच्या खात्यात हजार तुकडे जमा होतात. उलट खऱ्या पण हलक्या लागणीत दोन कोटी तुकड्यांत विषाणूचा वाटा दहा लाखांत एक असेल, तर हाती वीसच येतात. नुसत्या आकड्यावर विसंबलं तर रोगी रोप सुटतं आणि निरोगी रोप फेकलं जातं.

यावर तोड म्हणजे परका नियंत्रण नमुना. केळीला कधीच न होणारा विषाणू असलेलं पान, उदाहरणार्थ बार्ली यलो ड्वार्फची लागण झालेला गहू, त्याच फेरीत घालायचं. गव्हात त्या विषाणूचे दहा लाख तुकडे आले आणि केळीच्या एखाद्या नमुन्यात जास्तीत जास्त चाळीस दिसले, तर गळती ०.००४ टक्के. त्याच फेरीत हरण्याच्या सर्वांत रोगी नमुन्यात पाच लाख तुकडे असतील, तर दुसऱ्या नमुन्यातल्या वीसपर्यंतच्या तुकड्यांवर निकाल देऊ नये. तो नमुना पुन्हा काढायचा, शक्यतो दोन्ही टोकांना स्वतंत्र खूणपट्टी लावून.

केळीत आणखी एक पेच आहे. केळीच्या पानांवर रेषा उमटवणाऱ्या स्ट्रीक विषाणूच्या काही जातींचे जनुकीय तुकडे म्युसा बाल्बिसियाना या रानकेळीच्या गुणसूत्रांत कायमचे शिरले आहेत. राजेळी किंवा सफेद वेलची यांसारख्या, तिचा वारसा असलेल्या वाणांत ते असू शकतात. ग्रँड नैन या वाणात तो वारसा नाही. वारसा असलेल्या वाणांत मात्र रोप निरोगी असलं तरी यंत्र ‘विषाणू आहे’ म्हणतं. टिश्यू कल्चरच्या ताणात यातले काही तुकडे जुळून खरा विषाणूही उभा राहतो, त्यामुळे दुर्लक्ष करूनही चालत नाही. फरक ओळखायचा तो आकारावरून. मोकळ्या विषाणूचा डीएनए वर्तुळाकार, सुमारे ७,४०० अक्षरांचा. फाय-२९ हे विकर ३० अंश सेल्सिअसला रात्रभर त्या वर्तुळावर फिरत राहतं आणि त्याच्या लांबच लांब प्रती काढतं. गुणसूत्रात अडकलेल्या तुकड्याला अशी फेरी मिळत नाही, म्हणून तो मागे पडतो.

निकाल वाचणाऱ्यावरही बरंच अवलंबून असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २१ प्रयोगशाळांना सिक्वेन्सिंगची सारखीच माहिती विश्लेषणाला दिली होती. विषाणू पकडण्याचं प्रमाण ३५ ते १०० टक्के इतकं वेगवेगळं निघालं.

जाता जाता, ‘व्हायरस बरा करणाऱ्या’ फवाऱ्यांबद्दल. लागण झालेल्या झाडातून विषाणू काढून टाकणारं असं औषध नाही. ऊन वाढलं की हरण्याची लक्षणं बऱ्याचदा दबतात आणि श्रेय बाटलीला मिळतं. मावा मात्र त्याच झाडावरून विषाणू पुढे नेत राहतो. रोपं घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: किती रोपं एकत्र तपासली, चाचणीची सीमा किती, आणि नियंत्रण नमुन्यात काय आलं.