डॉक्टरांचा दाखला आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र

आपल्या घरांत 'सर्टिफिकेट' हा एकच शब्द दोन कागदांसाठी वापरतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एक कागद आपल्यावर उपचार करणारे डॉक्टर त्यांच्या लेटरहेडवर लिहून देतात: अमुक आजार आहे, तमुक गोळ्या चालू आहेत, पंधरा दिवस विश्रांती हवी. दुसरा कागद सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ देतं. त्या मंडळाला आपण सगळे नुसतं 'बोर्ड' म्हणतो. त्या कागदावर फोटो असतो, दिव्यांगत्वाचे टक्के असतात आणि ते कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं, हेही असतं. इथे मी पहिल्याला दाखला म्हणते, दुसऱ्याला प्रमाणपत्र. वर्षानुवर्षं दुखणं काढणाऱ्या माणसाला हे दोन्ही कागद कधी ना कधी लागतात. एकाच्या जागी दुसरा नेला की हेलपाटा ठरलेला, आणि आपल्या दुखण्यात एक हेलपाटा म्हणजे पुढचे तीन दिवस अंथरूण.

मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. पाठीचा कणा आणि त्याच्या बुडाशी असलेले सांधे यांचा हा संधिवात. नाव कळेपर्यंत चार वर्षं गेली. तोवर 'वजन कमी करा', 'गादी बदला', 'स्कूटर बंद करा' हे सगळं करून झालं होतं. या आजाराचं चकवणारं लक्षण म्हणजे पडून राहिलं की तो वाढतो आणि हालचाल केली की थोडा सैलावतो. पहाटे चारला मला जाग येते ती कुशीवर वळता येत नाही म्हणून. दुधाची पिशवी दाराच्या कडीला लावून जा, असं दूधवाल्याला सांगून ठेवलंय, कारण सकाळी सहाला उंबऱ्यापर्यंत वाकणं होत नाही. ओट्याखाली चमचा पडला तर पायाच्या अंगठ्याच्या चिमटीत धरून तो गुडघ्यापर्यंत आणते आणि तिथून हातात घेते. अकरा वाजेपर्यंत मात्र अंग मोकळं होतं, आणि अकरानंतर मला पाहणाऱ्याला माझं काहीच कळत नाही.

माझं पहिलं बोर्ड सकाळी साडेअकराला होतं.

बरोबर नेलेली फाईल इतकी जाड होती की तिला दोन रबरबँड लावावे लागत. एमआरआय, एचएलए बी२७ या रक्ततपासणीचा रिपोर्ट, सहा वर्षांची प्रिस्क्रिप्शन्स, संधिवाततज्ज्ञांचा सविस्तर दाखला. समोरच्या डॉक्टरांनी ती मिनिटभरात चाळली आणि बाजूला ठेवली. मग त्यांनी दोन पट्ट्यांचं, कोन मोजायचं साधन काढलं, गोनिओमीटर. वाकायला लावलं, वळायला लावलं, पाय उचलायला लावला, आकडे लिहिले. शेवटी विचारलं, "चालता येतं का?" मी म्हटलं, "हो, येतं."

मिळाले २० टक्के.

त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले. एवढी फाईल, एवढी वर्षं, आणि त्यांनी नीट वाचलंसुद्धा नाही, असं वाटत राहिलं. बऱ्याच दिवसांनी उमगलं की माझी फाईल ज्या प्रश्नाचं उत्तर देत होती, तो प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न असतो: काय झालंय आणि कशानं बरं वाटेल? त्यात वेदनेला पूर्ण जागा आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या नव्यानं केली. त्यासोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलंय की वेदना हा नेहमीच ज्याचा त्याचा अनुभव असतो आणि माणूस जे सांगतो त्याचा मान राखायला हवा. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुनःपुन्हा येणारं दुखणं 'जुनाट' धरतात. दाखल्यात हे सगळं बसतं. 'रुग्णाला तीव्र वेदना आहेत' असं डॉक्टर लिहू शकतात आणि ते खरंच असतं.

बोर्डाचा प्रश्न निराळा आहे: शरीराचं कोणतं काम, किती प्रमाणात आणि कायमचं कमी झालंय? त्याचा पाया आहे २०१६चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता २१ आहेत. त्यांत सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. 'जुनाट वेदना' या नावाचा प्रकार नाही. फायब्रोमायल्जिया (सगळ्या अंगाचं जुनाट दुखणं) नाही, मायग्रेन नाही. माझा आजारही नावानिशी नाही. आमच्यासारख्यांना आत जायची वाट एकच: त्या दुखण्यामुळे सांधे, मणका, स्नायू यांची हालचाल किंवा ताकद किती गेली ते दाखवणं. म्हणजे अस्थिव्यंगाच्या, चलनवलनाच्या प्रकारातून.

मोजमाप कसं करायचं याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनं २०१८ साली काढल्या आणि २०२४ साली सुधारून पुन्हा काढल्या. २०१८च्या सूचनांतलं मणक्याविषयीचं एक वाक्य वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. माणूस दुखतंय म्हणतो, पण स्नायू आखडलेले दिसत नाहीत आणि रचनेतला बिघाड तपासणीत सापडत नाही, तर टक्के शून्य. या शून्याचा अर्थ 'तुम्ही खोटं बोलताय' असा नाही. या मापात वेदनेसाठी रकानाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर रिक्षातलं रडणं जरा कमी झालं असतं. ही पद्धत मला अपुरी वाटते. साडेअकराला घेतलेलं माप पहाटे चारचं शरीर सांगू शकत नाही, आणि येणारा-जाणारा आजार एका दिवसाच्या कोनात मावत नाही. पण अर्ज करायचा तर आज जी पट्टी आहे तीच ओळखून करावा लागतो.

टक्क्यांची बेरीजही आपल्या मनातल्यासारखी होत नाही. दोन वर्षांनी माझ्या उजव्या खुब्यात आजार उतरला आणि मी पुन्हा अर्ज केला. या वेळी मणक्याचे ३० आणि खुब्याचे २० धरले गेले. घरी सगळे म्हणाले, ५० झाले. नाही होत. मोठा आकडा पूर्ण धरतात. लहान आकड्याला, ९० मधून मोठा वजा करून जे उरेल त्यानं गुणायचं आणि ९० नं भागायचं. म्हणजे २० गुणिले ६० भागिले ९०, साधारण १३. एकूण ४३. सवलतींचा आणि आरक्षणाचा उंबरठा ४०चा आहे, म्हणून मी आत आले. मणक्याचे २५ असते, तर बेरीज साडेएकोणचाळीसच्या जवळ अडली असती.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, "चालता येतं का?" मी म्हटलं, "येतं. दहा मिनिटांनी टेकावं लागतं. जिना चढताना एक पायरी, दोन्ही पाय, मग पुढची पायरी. मांडी घालून बसता येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही." आपल्याला सवय असते ना, कुणी विचारलं की 'बरं चाललंय' म्हणायची. दुखणं लपवण्यात आपला मान आहे असंच लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. बोर्डासमोर ही सवय फार महागात पडते. नाटक तर अजिबात करू नये, सांधे तपासणाऱ्याला ते चटकन कळतं आणि खऱ्या माणसांची वाट त्यानं अवघड होते. पण जे रोज होत नाही ते होत नाही म्हणून सांगायलाच हवं, लाज न बाळगता. मी महिनाभर आधी एक वही केली होती. दुखलं किती ते त्यात लिहिलं नाही. काय करता आलं नाही तेवढंच लिहिलं, तारखेनिशी. माझ्या संधिवाततज्ज्ञांनी नवा दाखला लिहिताना ती वही शेजारी ठेवली. मग दाखल्यात औषधांच्या यादीआधी कंबर किती वाकते, सलग किती वेळ उभं राहता येतं आणि हे बरं होणारं आहे की नाही, हे आलं. दाखला प्रमाणपत्राची जागा घेत नाही, पण असा लिहिलेला दाखला बोर्डासमोर उपयोगी पडतो.

अर्ज ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर होतो. त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तेही येतं. पुण्यात ससूनला, औंधच्या जिल्हा रुग्णालयात बोर्ड असतं. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. निर्णय पटला नाही तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

आता पैशांचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे खात्यात पैसे येत नाहीत. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा आणि अटी वेगळ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये मिळतात, पण ४० टक्क्यांबरोबर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत लागतं आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेलं असावं लागतं. तो अर्ज तहसील कार्यालयाकडे, बोर्डाशी त्याचा संबंध नाही. केंद्राच्या निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब हवं. एसटीच्या तिकिटात ४० टक्क्यांपासून ७५ टक्के सवलत आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०यू कलमाखाली ७५,००० रुपयांची वजावट होती, ८० टक्के किंवा जास्त असल्यास १,२५,०००ची, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. या कुठल्याही दारात डॉक्टरांच्या लेटरहेडवरचा दाखला चालत नाही, कितीही मोठ्या डॉक्टरांचा असला तरी.

उलट काही ठिकाणी दाखलाच चालतो आणि प्रमाणपत्राला कुणी विचारत नाही. आजारपणाची रजा हे साधं उदाहरण. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जाणाऱ्यांना त्यांच्या विमा डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपण-भत्ता मिळतो. कामावर इजा होऊन कायमचं अधूपण आलं तर ईएसआयचं स्वतंत्र बोर्ड बसतं, आणि ते कमावण्याची ताकद किती गेली याचे टक्के देतं. ते टक्के आणि यूडीआयडीवरचे टक्के एक नाहीत. एका ठिकाणचा कागद दुसरीकडे दाखवून उपयोग नाही.

आणि ४० च्या खाली राहिलेल्यांचं काय? मी दोन वर्षं त्याच गटात होते, म्हणून हे कळकळीनं लिहिते. कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती' आणि '४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्ती' या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण दुसऱ्या व्याख्येला आहे. पण भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोयी मागण्याचा हक्क पहिल्या व्याख्येलाही आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. अर्जदाराला लिहिताना हातात पेटके येत. ४० टक्क्यांचा निकष लावून त्यांना लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं की लेखनिकाची सोय मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना फायब्रोमायल्जिया आहे. एका पतसंस्थेत काउंटरवर दिवसभर उभं राहायचं काम. बोर्डात त्यांना शून्य मिळालं आणि त्यांनी सगळी फाईल माळ्यावर टाकली. मी म्हटलं, काकू, तो कागद नाही मिळाला, पण दुसरा आहे की. आम्ही दोघी त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांना आजाराचं नाव एका ओळीत लिहायला सांगितलं आणि बाकी दाखल्यात एवढंच मागितलं: सलग वीस मिनिटांहून जास्त उभं राहू नये, बसून काम द्यावं, दर दोन तासांनी दहा मिनिटं पाय मोकळे करू द्यावेत. काकूंनी तो अर्जासोबत कार्यालयात दिला आणि पोच घेतली.

तीन आठवड्यांनी काउंटरमागे पाठीला टेकू असलेलं उंच स्टूल आलं.