फॉरेन टेबल म्हणजे अख्खं टेबल ओढणं नव्हे

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फॉरेन टेबलवर, म्हणजे ज्याचा डेटा दुसरीकडे, बहुधा दुसऱ्या सर्व्हरवर असतो अशा टेबलवर, क्वेरी टाकली की पलीकडचं अख्खं टेबल नेटवर्कवरून इकडे येतं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. चूक. दुसऱ्या पोस्टग्रेस सर्व्हरवरची टेबलं जोडून देणारं ‘पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू’ हे एक्स्टेंशन २०१३ मध्ये ९.३ आवृत्तीसोबत आलं तेव्हापासूनच साध्या अटी पलीकडच्या सर्व्हरवर तपासल्या जातात. ९.६ पासून जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) आणि १० पासून सम-काउंटही (बेरीज, मोजणी) तिकडेच होऊ शकतात.

पटत नसेल तर क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी ‘एक्स्प्लेन व्हर्बोज’ ही कमांड चालवा आणि ‘रिमोट एसक्यूएल’ची ओळ वाचा. वेअरची, म्हणजे ओळी गाळणारी अट तिथे दिसली, म्हणजे ती पलीकडे गेली.

अटीत आत्ताची वेळ देणारं ‘नाऊ’ फंक्शन घातलंत तर मात्र ती जात नाही, कारण त्याचं उत्तर वेळेनुसार बदलतं. तेवढी एकच अट असेल, तर खरोखरच सगळ्या ओळी इकडे येतात आणि गाळणी इथे लागते. तारीख थेट लिहिलीत की काम भागतं. सीएसव्ही वाचणाऱ्या फाइल एफडीडब्ल्यूची गोष्ट वेगळी. तिथे फाइल दर वेळी वाचावीच लागते.