अंत्यसंस्काराची व्यवस्था: आम्ही काय करतो आणि का

घरात मृत्यू झाला की सगळ्यांचीच धावपळ सुरू होते. खरं तर पहिल्या तासात करण्यासारखं काम एकच असतं: डॉक्टरांना बोलावून मृत्यूची खात्री करून घेणं आणि कारणाचं प्रमाणपत्र मिळवणं. अपघात, आत्महत्या किंवा कसलाही संशय असेल तर मात्र देहाला हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा. त्यानंतर आम्हाला फोन करा, रात्री कितीही वाजलेले असोत.

ही सेवा आमच्या मालकांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर सुरू केली. लढाईच्या काळात पडलेल्या जवानांची ओळख पटवून त्यांना मागे आणायचं काम त्यांच्या तुकडीकडे होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. या पत्रकाच्या मसुद्यात आम्ही लिहिलेला ‘शौर्य’ हा शब्दही त्यांनीच खोडला. पण इथल्या बऱ्याचशा रीती तिथूनच आल्या आहेत, म्हणून थोडं सांगतो.

सैनिकाजवळ ओळखीची चकती असते. युद्धातल्या जखमी आणि मृत सैनिकांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात, तिच्याबद्दल नियम आहे: चकती दुहेरी असेल तर तिचा अर्धा भाग देहाबरोबरच राहावा. देह बिननावाचा होता कामा नये, एवढाच त्यामागचा हेतू. आमच्याकडेही घरातून हलवण्याआधी नाव लिहिलेली पट्टी घोट्याला बांधतात. घरच्यांपैकी एकजण ते नाव मोठ्याने वाचतो आणि मगच स्ट्रेचर उचललं जातं. ‘आमच्या आईला आम्ही ओळखत नाही का?’ असं कुणी कुणी ऐकवतात. तुम्ही ओळखता हो, पण रात्रपाळीला आलेला आमचा माणूस ओळखत नाही.

वस्तूंचंही तसंच. मृत सैनिकाजवळचे पैसे, इच्छापत्र, अगदी नुसतं भावनिक मोल असलेली वस्तूसुद्धा जपून पुढे पाठवावी, असं तोच करार सांगतो. अंगठी, चष्मा, कवळी, खिशातली चिठ्ठी, सगळ्याची यादी आम्ही तुमच्यासमोर करतो आणि त्यावर दोन्हीकडच्या सह्या घेतो. अंगठी निघत नसेल तर ओढू नका. बोट सुजलेलं असतं. साबणाचं पाणी आणि दोरा वापरून आम्ही ती काढतो.

डोळे मिटणं आणि जबडा बांधणं लवकर केलेलं बरं. स्नायू साधारण दोन ते सहा तासांत ताठरू लागतात, तेही पापण्या आणि जबड्यापासून. बाराएक तासांत सगळं शरीर कडक होतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत आपोआप सैलावतं. हात वाकत नाही म्हणून घाबरू नका, जोरही लावू नका. नातेवाईक लांबून यायचे असतील तर देह २ ते ४ अंश सेल्सिअसला शीतपेटीत ठेवतो. आम्ही पोचेपर्यंत जाड पांघरुणं काढून खोली थंड ठेवा.

दहन करायचं असेल आणि छातीत पेसमेकर असेल तर आठवणीने सांगा. उष्णतेने त्याचा स्फोट होतो, त्यामुळे तो आधी काढावा लागतो.

एम्बाल्मिंग, म्हणजे रक्तवाहिनीतून फॉर्मल्डिहाइडचं द्रावण सोडून देह टिकवणं, हे लोकांपर्यंत पोचलं तेही युद्धामुळेच. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात जवानांना दूरच्या गावी न्यायचं होतं; तेव्हा या कामाला फॉर्मल्डिहाइड नव्हतं, आर्सेनिकसारखी द्रव्यं वापरत. १८६५ मध्ये लिंकन यांचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेला, तो वाटेत असंख्य लोकांनी पाहिला. तुमचा अंत्यविधी त्याच दिवशी असेल तर मात्र याची गरज नाही, आणि आम्हीही ते गळ्यात मारणार नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न असतो अपघातात गेलेल्याचा चेहरा पाहायचा की नाही, हा. तो मालक स्वतः हाताळतात. दार उघडण्याआधी ते घरच्यांना खाली बसवतात आणि आत काय दिसेल ते साध्या शब्दांत सांगतात: डावा गाल सुजलाय, कपाळावर टाके आहेत, केस धुतले आहेत. मग निर्णय तुमचा. चेहरा नको वाटला तर चादरीबाहेर फक्त हात ठेवतो. तो धरून कितीही वेळ बसा. ‘पाहू नका’ असा सल्ला ते सहसा देत नाहीत. न पाहिलेलं माणूस मनात आणखी भयंकर करून ठेवतो, असं त्यांचं मत आहे.

शवपेटी साधी घ्या की भारी, फरक फक्त लाकडात पडेल. स्वच्छता, माणसं आणि वेळ सगळ्यांना सारखाच. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने अधिकारी आणि शिपाई यांच्या समाधिशिलांमध्ये हुद्द्यावरून फरक केला नाही; मालक या बाबतीत तितकेच हट्टी आहेत.

खर्चाचा आकडा सहीआधी लेखी मिळेल. तो ठरवायला घरातल्या सर्वांत खचलेल्या माणसाला पाठवू नका. एखादा शेजारी किंवा लांबचा भाऊ आला तरी चालेल, आणि त्याने घासाघीस केली तर आम्हाला राग येत नाही.