रँक्ड चॉइस म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व नव्हे

अमेरिकेत निवडणूक आली की तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा ठरलेली असते. डेमोक्रॅट नकोत, रिपब्लिकन नकोत, तिसरं कोणीतरी पाहिजे. मग कोणीतरी रँक्ड चॉइस व्होटिंगचा व्हिडिओ टाकतं आणि लगेच दुसरं कोणी ठोकून देतं, ‘न्यूझीलंडमध्ये हेच आहे, म्हणून तिथे संसदेत पाच-सहा पक्ष असतात.’ अहो, नाही! न्यूझीलंडच्या संसदेसाठी १९९६ पासून आहे ते प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे पक्षाला मतांचा जेवढा हिस्सा, साधारण तेवढाच जागांचा. ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन पक्षांची मक्तेदारी मोडायची असेल तर कामाची तीच आहे.

रँक्ड चॉइस मराठी वाचकाला नव्याने समजावायला नको. पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना तो जांभळा स्केच पेन आठवत असेल. नावांपुढे १, २, ३ लिहायचं. बरोबरची खूण केली की मत बाद. पहिल्या पसंतीत कोणीच निम्म्याच्या वर गेलं नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायची. मेन राज्यात २०१८ पासून आणि अलास्कात २०२२ पासून साधारण हेच चालतं.

याचा फायदा खरा आहे. ‘अमक्याने मतं खाल्ली’ हे रडगाणं बंद होतं. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. त्या मतदारांना दुसरी पसंती लिहिता आली असती, तर कदाचित राष्ट्राध्यक्ष वेगळा झाला असता. पण नीट पाहा, तेव्हाही निवडून आले असते ते डेमोक्रॅट अल गोर. नेडर नव्हेत.

लोक घसरतात ते इथेच. तिसऱ्या पक्षाला मत देण्याची भीती जाणं वेगळं आणि तिसऱ्या पक्षाला जागा मिळणं वेगळं.

मॅसॅच्युसेट्स घ्या. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात त्या राज्याच्या ९ जागा आहेत आणि नऊच्या नऊ डेमोक्रॅटांकडे. २०२४ मध्ये ट्रम्प यांना तिथे ३६ टक्के मतं पडली, म्हणजे रिपब्लिकन मतदार काही थोडाथोडका नाही. पण तो राज्यभर विखुरलेला आहे आणि प्रत्येक मतदारसंघात हरतो. तिथे रँक्ड चॉइस आणून काय होईल? काही नाही. विजेत्याला पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं असतील, तर दुसरी पसंती उघडायची वेळच येत नाही. दोन मोठ्या पक्षांपैकी एकाची ही गत, तर ग्रीन किंवा लिबर्टेरियनसारख्या छोट्या पक्षांचं काय घेऊन बसलात!

म्हणून मतपत्रिकेवर आकडे लिहायचे की शिक्का मारायचा, हे आधी बघू नका. एका मतदारसंघातून किती जण निवडून जातात ते बघा. विधान परिषदेत आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत. पदवीधरची जागा एक, म्हणून निम्म्याहून जास्त मतं लागतात. जुलै २०२४ मध्ये आमदारांनी ११ जागा एकदम भरल्या, मतदार २७४. कोट्याचं, म्हणजे जिंकायला लागणाऱ्या मतांचं, सूत्र दोन्हीकडे तेच: मतांना जागा अधिक एक, म्हणजे इथे बाराने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. कोटा आला २३. पसंतीचे आकडे तसेच, मोजणीही त्याच धाटणीची, पण जिंकायला लागणारा हिस्सा पन्नास टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांच्या खाली आला. छोट्या पक्षाला दार उघडतं ते या घसरणीमुळे.

अजून शंका असेल तर ऑस्ट्रेलिया बघा. तिथे दोन्ही सभागृहांसाठी मतदार आकडेच लिहितो. कनिष्ठ सभागृहात मतदारसंघामागे एक जागा; सिनेटमध्ये नेहमीच्या निवडणुकीत राज्यामागे सहा, म्हणजे कोटा सुमारे १४.३ टक्के. २०२५ मध्ये ग्रीन्स पक्षाला दोन्हीकडे साधारण १२ टक्के मतं होती. कनिष्ठ सभागृहात १५० पैकी एक जागा हाती लागली. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी सिनेटच्या ४० पैकी ६ दिल्या, सहाही राज्यांत एकेक; जिथे कोटा कमी पडला तिथे पुढच्या पसंतींनी भरून काढला. कनिष्ठ सभागृहात अपक्ष निवडून येतात, पण ज्यांचा जोर एकाच भागात असतो ते. सगळीकडे थोडा थोडा असणारा पक्ष तिथे मार खातो.

बाकीचे फरक किरकोळ. जर्मनीसारखी पक्षांची यादी असावी की आयर्लंडसारखी पसंतीची मतं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला आयर्लंडची पद्धत आवडते, कारण तिथे माणूसही मतदारच निवडतो, पक्षाचं कार्यालय नाही. पण पक्षांना जागा कशा मिळतात, या प्रश्नापुरत्या दोन्ही एकाच गोटातल्या.

प्रमाणशीर पद्धत आणली की पक्षांचं पीक येतंच, असंही नाही. माल्टात दर मतदारसंघातून पाच जण निवडतात, तरी तिथलं राजकारण कित्येक दशकं लेबर आणि नॅशनॅलिस्ट या दोघांतच फिरतंय. दार उघडं असलं तरी आत येणारा हवा.

अमेरिकेत ते दार राज्यघटनेने लावलेलं नाही. प्रतिनिधीगृहाला एका मतदारसंघातून एकच सदस्य पाठवा, ही सक्ती १९६७ च्या साध्या कायद्याची आहे. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मनावर घेतलं तर बदलता येईल. शहरांच्या निवडणुकांना तर तो कायदा लागूच नाही. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडने २०२४ मध्ये नगर परिषदेचे १२ सदस्य चार मतदारसंघांतून तीन-तीन असे निवडले, कोटा पंचवीस टक्क्यांच्या जरासा वर. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, महापौर या जागाच एकेका माणसाच्या. त्यांचे वाटे पडत नाहीत, तिथे रँक्ड चॉइस जरूर आणा. पण प्रतिनिधीगृहासाठी कोणी त्याच्या नावाने सह्या गोळा करत आलं, तर सही करण्याआधी मतदारसंघातून किती जण निवडणार ते विचारून घ्या.